फिन, फायबर आणि अ‍ॅल्युमिनियम: गोव्याच्या दमट हवेत टिकणारा सांधा

रॉकेटचा फिन, म्हणजे शेपटीजवळचा पंख, निखळला की आपण आधी गोंदाला शिव्या घालतो. मीही घातल्यात. डिचोलीच्या घरी, बाल्कांवात (ओसरीवर) बसून फेब्रुवारीत मी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर ग्लास इपॉक्सीचे तीन फिन चिकटवले होते. चिकटवल्यावर धरून हिसके दिले, हलले नाहीत. रॉकेट कपाटावर गेलं आणि पावसाळाभर तिथेच पडून राहिलं. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर खाली काढायला गेलो, तर एक फिन हातातच आला. त्याच्या खालचं अ‍ॅल्युमिनियम लख्ख होतं, गोंदाचा कणही नव्हता. गोंद सगळा फिनच्या बाजूला राहिला होता आणि त्यावर माझ्याच पॉलिश पेपरच्या रेघा उमटल्या होत्या. साच्यातून मोदक निघावा तसा तो निघाला होता.

म्हणजे गोंद मजबूतच होता, त्याने धातूला धरलंच नव्हतं. कोरड्या हवेत ते लपून राहिलं, चार महिन्यांच्या दमट हवेने उघडं पाडलं. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका फिनने शिकवलेलं आहे.

आधी ठरवा, धातू हवा तरी कुठे?

नवीन माणसाला वाटतं, धातूचा फिन म्हणजे भक्कम फिन. छोट्या मॉडेल रॉकेटला मात्र धातू चालतच नाही. अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची सुरक्षा-संहिता जगभरचे हौशी लोक प्रमाण मानतात. मॉडेल रॉकेटचं नाक, नळी आणि फिन हलक्या, धातू नसलेल्या वस्तूंचेच हवेत, असं ती सांगते. मोठ्या, हाय-पॉवर रॉकेटला गरज असेल तिथेच धातू, आणि तोही लवचीक, म्हणजे तुटून तुकडे उडण्याऐवजी वाकणारा. रॉकेट कधी ना कधी वाकडं जाऊन पडतं. तेव्हा कोणाच्या अंगावर धारदार पत्रा येऊ नये, एवढंच त्यामागचं कारण.

त्यामुळे व्यवहारात धातू आणि कंपोझिट (धागे आणि रेझिन मिळून झालेला माल, जसं ग्लास इपॉक्सी) भेटतात ते दोन-तीन ठिकाणीच. शेपटीला मोटर अडकवणारं अ‍ॅल्युमिनियमचं कडं, लाँच-रेलवर सरकणाऱ्या बटणाची बैठक, आणि मोठ्या रॉकेटमध्ये फिन बसवायची अ‍ॅल्युमिनियमची बाही. पहिलं रॉकेट करत असाल तर फक्त कडं धातूचं ठेवा आणि फिन ग्लास इपॉक्सीचेच घ्या.

मोटरचं इंधन हा वेगळा विषय आहे आणि तो स्फोटकांच्या कायद्याखाली येतो. घरी मिश्रणं करायच्या फंदात पडू नका. उड्डाणाचंही तसंच. आपल्या एवढ्याशा राज्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे, मोपाला दुसरा विमानतळ, त्यामुळे किनाऱ्यावर जाऊन सोडलं असं इथे होत नाही. इन-स्पेस (अंतराळ क्षेत्राला परवानग्या देणारी सरकारी संस्था) आणि अ‍ॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या विद्यार्थी स्पर्धेसारखी परवानगी असलेली जागा शोधावी लागते. ती सापडेपर्यंत सांधे शिकायला भरपूर वेळ मिळतो.

सामान

फिनसाठी ग्लास इपॉक्सी शीट. इलेक्ट्रिकल इन्सुलेशनचा माल ठेवणाऱ्या दुकानात ती मिळते, इलेक्ट्रॉनिक्सवाले एफआर-४ म्हणतात. पीसीबीची (सर्किट बोर्डची) नेहमीची जाडी १.६ मिमी, लहान फिनला पुरते. मोठ्याला ३ मिमीच्या आसपास घ्या. तांब्याचा थर असलेली शीट स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. तो थर फेरिक क्लोराइडने उतरवायचा, वर ते पाणी कुठे टाकायचं याचा घोर.

चिकटवायला दोन भागांचं इपॉक्सी (एक रेझिन, दुसरं ते कडक करणारं हार्डनर), सावकाश सुकणारं. पाच मिनिटांत सुकणारं जिगमध्ये (फिन जागच्या जागी धरणाऱ्या चौकटीत) फिन तात्पुरता उभा करायला बरं, भार घेणाऱ्या सांध्याला नको. ते कमकुवत असतं आणि उन्हात लवकर मऊ पडतं. आपल्याकडे सहज मिळणारी जोडी म्हणजे अराल्डाइटची एडब्ल्यू १०६ आणि एचव्ही ९५३. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ दिसते, पण ती कापड भिजवून थर रचायची पातळ रेझिन आहे, सांध्याला वापरायची तर घट्ट करून घ्यावी लागते.

शिवाय ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, ८० ते १८० नंबरचा पॉलिश पेपर, अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, धुतलेलं पांढरं सुती कापड, नायट्रिल हातमोजे, एन-९५ मास्क. हातमोज्यांच्या बाबतीत आळस करू नका. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची सोबत करते, मग त्या डब्याचं झाकण उघडलं तरी खाज सुटते. काचेची धूळही श्वासात जाता कामा नये. शीट ओली करून घासा, धूळ निम्मी तिथेच बसते.

मालीमच्या जेटीजवळ फायबरच्या होड्या दुरुस्त होतात, तिथून रेझिन आणावी असं इथे प्रत्येकाच्या मनात येतं. माझ्याही आलं होतं. होडीवाल्या काकांनीच विचारलं, ‘‘पत्र्याक लायतलो? मग ही न्हय.’’ होडीची रेझिन बहुधा पॉलिएस्टर असते. सुकताना ती बरीच आकसते आणि धातूला धरत नाही. होडी पूर्ण तिचीच बनलेली असते म्हणून तिथे चालतं. तरी ती कोणी हाताळत असेलच, तर तिचं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो.

वेळ निवडणं हेही कामच

नोव्हेंबर ते मार्च, सकाळी दहानंतर. पावसाळ्यात करायचंच असेल तर एसीच्या खोलीत करा, पण एक सांभाळा. रात्रभर एसीत ठेवलेली नळी बाल्कांवात आणलीत तर फ्रिजमधल्या बाटलीला सुटतं तसं पाणी तिलाही सुटतं. फक्त ते इतकं बारीक असतं की दिसत नाही. धातू, फिन, गोंद आणि तुम्ही, सगळे एकाच खोलीत तासभर आधी असा.

दमट हवेत सुकणाऱ्या इपॉक्सीवर कधीकधी मेणासारखा, बोटाला बुळबुळीत थर येतो. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी लागून तो बनतो. त्यावर दुसरा हात मारलात तर दुसरा हात सोलून निघणार. आधी कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुवा, वाळवा, मगच पॉलिश पेपर. आधी घासलंत तर मेण रेघांमध्ये भरलं जातं.

अ‍ॅल्युमिनियम तयार करणं

इथे घाई करू नका, अर्धं काम इथेच आहे.

अ‍ॅल्युमिनियम कधीच उघडं नसतं. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. दुकानातल्या पत्र्यावरचा पापुद्रा जुना, तेलकट आणि सैल असतो. तो काढून नवा, स्वच्छ पापुद्रा येऊ द्यायचा आणि त्याला हवेतली घाण लागायच्या आत गोंदाने झाकायचं, एवढीच युक्ती.

पहिल्यांदा तेल काढा. हा क्रम उलटा करू नका, कारण तेलकट पत्रा घासला की तेल रेघांत मुरतं. कापडावर अ‍ॅसिटोन घ्या आणि एकाच दिशेने पुसा. मागेपुढे केलंत तर पुसलेलं तेल परत पसरतं. प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी, आणि कापडावर काळं यायचं थांबेपर्यंत. हार्डवेअरच्या दुकानातलं सुटं थिनर कशाकशाचं मिश्रण असतं सांगता येत नाही, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेलं घातलेली असतात, दोन्ही नकोत. एका मित्राने फेणीने पुसून पाहिलं होतं. फेणीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. पत्रा काही साफ झाला नाही, बाल्कांवाला मात्र दोन दिवस वास होता.

मग ८० किंवा १२० नंबरच्या नव्या पॉलिश पेपरने घासा, आडवं, उभं आणि तिरकं, चकाकी जाऊन एकसारखा राखाडी मळकटपणा येईपर्यंत. लोखंडाची तारेची ब्रश वापरू नका, तिचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो. धूळ कोरड्या कापडाने झटका, पुन्हा अ‍ॅसिटोनचा एक हात.

आता परीक्षा. पत्र्यावर स्वच्छ पाणी ओता. अळवाच्या पानावर थेंब जसे गोळा होऊन घरंगळतात तसे झाले तर अजून तेल आहे, पहिल्यापासून करा. पाण्याचा एकसंध पडदा पसरला आणि निदान अर्धा मिनिट कुठे फाटला नाही, तर पत्रा तयार. मला ही परीक्षा पास व्हायला पहिल्या वेळी चार फेऱ्या लागल्या. हेअर ड्रायरने वाळवा, आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही, मोजे घातलेलंही नाही.

वाळल्यापासून अर्ध्या तासात गोंद लागला पाहिजे. मी आणखी एक करतो. कालवलेल्या इपॉक्सीचा अगदी पातळ हात पत्र्यावर देतो आणि त्या ओल्या गोंदातच नव्या पॉलिश पेपरने पुन्हा घासतो. खालून नवं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं ते हवेत न येता थेट गोंदाखालीच. काळपट झालेला गोंद पुसून काढायचा, ताजा लावायचा. दिसायला गचाळ काम आहे, पण माझ्या चाचण्यांत सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

विमानांच्या कारखान्यात यासाठी फॉस्फोरिक आम्लातलं अ‍ॅनोडायझिंग करतात. जुन्या लेखांत क्रोमिक-सल्फ्युरिक आम्लाचा घोलही सापडेल. तो घरी अजिबात करू नका, त्यातलं क्रोमियम कॅन्सरकारक आहे आणि ते पाणी आपल्याच विहिरीत मुरतं. पुढची पायरी चढायची तर सिलेनचा प्रायमर शोधा, तो धातू आणि इपॉक्सी दोघांनाही रासायनिक हात देतो.

फिनची बाजू

इथे काम थोडकंच. शीटची चकाकी १२० ते १८० नंबरने घालवा, पण काचेचे धागे दिसायला लागले की थांबा. धागे कापले तर शीटच कमजोर होते. घरी साच्यावर थर रचून फिन केला असेल तर साच्याचं मेण त्याला लागलेलं असतंच, म्हणून इथेही आधी पुसणं, मग घासणं. शेवटचा थर रचताना वर नायलॉनचं सोलकापड घातलं असेल तर ते ऐन वेळी सोलून काढा. खालचा पृष्ठभाग खरखरीत आणि न हाताळलेला मिळतो.

कालवणं आणि बसवणं

एडब्ल्यू १०६ आणि एचव्ही ९५३ वजनाने १००:८०, घनफळाने सारखं सारखं. एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ वजनाने १००:१०. हे प्रमाण अंदाजाने घ्यायचं नाही. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल, हा पॉलिएस्टरवाल्यांचा समज इथे चालत नाही. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि सांधा मऊ राहतो. दोन-तीन मिनिटं कालवा, कडेचं आणि तळाचं खरवडून घ्या, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत कालवा. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं राहिलेलं असतं ते असं मागे राहतं.

थोडं थोडं कालवा. एप्रिल-मेच्या ३३ अंशांत कपभर इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि प्लास्टिकचा कप वितळवतं. उरलेलं ताटलीत पसरून ठेवलं की शांत राहतं.

गोंदाचा थर ०.१ ते ०.२ मिमी हवा. क्लॅम्प करकचून आवळलात तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. मासे गरवायची बारीक नायलॉनची दोरी ०.१५ मिमीची मिळते, तिचे दोन तुकडे सांध्यात आडवे ठेवा आणि मग बेताने दाबा.

फिन कुठे बसतो हे गोंदापेक्षा महत्त्वाचं. नळीच्या बाहेरून नुसता टेकवलेला फिन बाजूने ढकलला की सांधा एका कडेने सोलला जातो, आणि कोणताही गोंद सोलण्यापुढे दुबळाच. घसटीचा, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवू पाहणारा, भार मात्र तो चांगला घेतो. म्हणून नळीला खाच पाडा आणि फिनची जीभ आतल्या मोटरच्या नळीपर्यंत पोचवा. तिथे पायाशी एक सांधा, खाचेपाशी बाहेरून एक, आतून एक, असा फिन तीन जागी धरला जातो.

खुणा करायला कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळा, टोकं जुळतील तिथे कापा, पट्टीचे मोजून तीन भाग करा, परत गुंडाळा. उभी रेघ मारायला अ‍ॅल्युमिनियमचा अँगल नळीला लावला की तो आपोआप सरळ बसतो. फिन उभे धरायला प्लायवुडचं किंवा जाड पुठ्ठ्याचं जिग कापा आणि जिथे गोंद गळेल तिथे चिकटपट्टी लावा, नाहीतर जिगही रॉकेटचा भाग होतं.

मुख्य सांधा धरला की कोपऱ्यात फिलेट द्या. गच्चीवर भिंत आणि लादीच्या कोपऱ्यात गवंडी सिमेंटची गोलाई देतात तीच ही गोष्ट, इपॉक्सीची. गोंद घट्ट करायला फ्यूम्ड सिलिका (अगदी हलकी, बारीक भुकटी) घाला, चमच्यावरून ओघळणार नाही इतपत. पोकळ काचेच्या गोळ्यांची पावडर हलकी असते पण भार घेत नाही, ती आकार भरायला ठेवा. गोलाईची त्रिज्या फिनच्या पायाच्या लांबीच्या ५ टक्क्यांच्या आसपास धरा, २० सेंमीच्या पायाला १ सेंमी. ओल्या फिलेटवरून अल्कोहोलमध्ये बुडवलेलं बोट एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह होतो, आवरा.

ऊब

साध्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ व्हायला लागतं. काळं रॉकेट मे महिन्यात बंद गाडीत ठेवा आणि बघा. मी ठेवलं होतं. गाडीकडे परत आलो तेव्हा एक फिन जरासा झुकलेला, तुळशीच्या मलूल पानासारखा. म्हणून दुसऱ्या दिवशी पूर्ण जिगसकट ऊब द्या. मोठा पुठ्ठ्याचा खोका, आत ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब पुठ्ठ्यापासून लांब, थर्मामीटर, आणि ६० अंशांवर चार तास. पहिला तास हळूहळू चढवा, बंद केल्यावर खोका उघडू नका. पूर्ण वेळ जवळ बसून राहायचं, ही पेटणारी वस्तू आहे.

चाचणी, आणि तीही ओली

प्रत्येक वेळी त्याच कपातल्या गोंदाने नमुन्याच्या चार-सहा पट्ट्या करा. अ‍ॅल्युमिनियमची एक, ग्लास इपॉक्सीची एक, १० मिमी रुंद, एकमेकींवर ५ मिमी चढवलेल्या. म्हणजे सांधा ५० चौरस मिमीचा झाला. टोकांना भोक पाडून एक टोक फणसाच्या फांदीला, दुसऱ्याला पाण्याने भरलेले २० लिटरचे दोन कॅन. हे ४० किलो म्हणजे सांध्यावर साधारण ८ मेगापास्कल. चांगला सांधा हे आरामात पेलतो. कॅन जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा आणि पाय लांब.

मग उरलेल्या पट्ट्या समुद्राच्या पाण्याच्या बादलीत आठवडाभर ठेवून हेच परत करा. माझ्या कोरड्या पट्ट्या सगळ्या पास झाल्या होत्या, नीट तयारी केलेल्याही आणि नुसत्या पुसून चिकटवलेल्याही. बादलीनंतर नुसत्या पुसलेल्या पट्ट्या पहिल्याच कॅनला सुटल्या, आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम पुन्हा तसंच लख्ख. पाणी सांध्याच्या कडेने शिरतं आणि ऑक्साइडचाच पापुद्रा बदलून टाकतं. गोंदाला काहीच होत नाही, त्याच्या पायाखालची जमीन सरकते.

तुटलेली पट्टी टाकू नका, भिंगाखाली धरा. दोन्ही बाजूंना गोंद असेल तर गोंद फाटला, म्हणजे तयारी उत्तम. एक बाजू कोरी असेल तर त्या बाजूची तयारी चुकली. काचेचे धागे उपटून आले असतील तर आनंद माना, सांधा शीटपेक्षा मजबूत झाला.

कार्बन फायबर असेल तर

कार्बन दिसतो देखणा आणि नव्या लोकांना त्याचीच भूल पडते. पण तो वीज वाहून नेतो. अ‍ॅल्युमिनियमला तो थेट टेकला आणि खारी दमट हवा मिळाली की दोघांची बॅटरी बनते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आपल्या किनाऱ्यावर हे व्हायला फार वाट बघावी लागत नाही. दोघांमध्ये काचेच्या बारीक कापडाचा एक अखंड थर इपॉक्सीत भिजवून घाला, कडेला २-३ मिमी बाहेर आलेला राहू द्या. बोल्ट घालणार असाल तर त्यालाही वेगळं करावं लागतं.

दुसरी अडचण उन्हाची. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर वाढतं, कार्बन धाग्यांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. २० सेंमी लांबीचा सांधा ४० अंशांनी तापला तर दोघांत ०.१८ मिमीचा फरक पडतो. तुमचा गोंदाचा थरही साधारण तेवढाच जाड आहे. ठिसूळ गोंद एवढं ताणलं जाणं रोज रोज सहन करत नाही. लांब सांध्याला म्हणूनच थोडा चिवट, रबर मिसळलेला इपॉक्सी घ्या, किंवा धातूची पट्टी लांब ठेवण्याऐवजी तुकड्यांत लावा. ग्लास इपॉक्सीचं प्रसरण दोघांच्या मधलं आहे, त्यामुळे तिथे हा त्रास निम्म्याहून कमी.

रॉकेट कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. दर चवथीनंतर बाहेर काढून सांध्याच्या कडेने नाणं वाजवत जा. टणटण आवाज येईल तिथे ठीक, बद्द आवाज येईल तिथे आत हवा आहे. कडेला पांढरी भुकटी दिसली तर वरून गोंद थापू नका. हीट गनने सांधा तापवा, फिन काढा आणि अ‍ॅसिटोनच्या कापडापासून परत सुरुवात करा.